डब्याला ताप

विश्वजितनं कोडोलीच्या घराच्या अंगणात मोबाईलवर चालणारे दिवे बसवले, त्यांचा कंट्रोलचा डबा दाराबाहेरच्या भिंतीवर ठोकला आणि पुण्याला नोकरीवर परत गेला. एप्रिलच्या उन्हात डबा तापला, की तिकडं त्याच्या मोबाईलवर लाल इशारा यायचा आणि तो हातातलं काम टाकून घरी फोन लावायचा.

"आबा, डब्यावर सावली करा. लई नाजूक असतंय ते."

उन्हाळाभर रोज फोन. आबांनी आपली छत्री डब्यावर बांधली आणि स्वतः डोक्यावर टॉवेल टाकून डेअरीला दूध घालायला जायला लागले. पुढं पाऊस लागला, डबा गार पडला आणि विश्वजितचे फोनही थांबले. गणपती झाले, दसरा झाला, दिवाळीला सुट्टी मिळाली न्हाई.

डिसेंबरात गावात शेकोट्या पेटल्या असताना एका संध्याकाळी विश्वजितच्या मोबाईलवर इशारा आला. तापमान सत्तर अंश! त्यानं घाबरून फोन लावला.

"आबा, एवढ्या थंडीत डबा कसा तापला? आग लागली काय तिथं?"

"न्हाय रं, आग कशाला लागती? तू कसा हायस? जेवलास का?"

तेवढ्यात मागनं आईचा आवाज आला.



"आवं, आला न्हवं पोराचा फोन? मग काढू का भाकरीचा तवा डब्याखालनं? हात भाजाय लागलाय माझा!"