चिकाचा डाग

सिंधु आणि अंजू एकमेकींकडं पाठ करूनच काम करत होत्या. अर्धापूरच्या त्या केळीच्या शेडमध्ये सिंधु टाकीत फण्या धुवायची आणि अंजू बॉक्समध्ये भरायची. डागी फणी सिंधुला दिसायची, पण ती सांगायची नाही. अंजूलाही दिसायची. धुणारीनं बघावं की, म्हणून ती तशीच भरायची.

भांडण कशाचं, तर ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचं. निवडून आला तो मजेत, पडला तोही मजेत. बोलणं तुटलं ते ह्या दोघींचं! त्यांच्यापायी बाकीच्या बायकांतही दोन तट पडले.

माल परत यायला लागला. मालक शिवशंकर म्हणाला, "नीलाबाई, पुढची गाडी परत आली की तुमची टोळी बंद. दुसऱ्या बायका आणतो."

नीलाबाई टोळीची मुकादम. सगळ्यांच्या चुली ह्याच कामावर पेटायच्या. तिनं हात जोडले. "माझं कुणी ऐकून न्हाई राहिलं, मालक. एखादी कडक बाई आणून बघा."

आठवड्यात देगलूरकडची रत्नम्मा देखरेखीला येऊन उभी राहिली. तोंड असलं की बाभळीचा काटा बरा. पहिल्याच सकाळी तिनं एकेकीचं नाव घेऊन झापलं. जेवायला ती एकटीच बसायची, तिला कुणी पाणीही विचारलं नाही. नीलाबाई तर तिच्याकडं मान वर करून बघायचीच नाही.

एक दिवस रत्नम्मानं अंजूचा भरलेला बॉक्स उलटा केला. "नवरा दारूत, बायको तोऱ्यात! असल्या घरची काय काम करणार?"

अंजूचे डोळे भरून आले.

"ओ बाई!" टाकीपासून सिंधु ओरडली. "कामाचं बोला. तिच्या घरचं काढलं तर याद राखा!"

अंजूनं कितीतरी महिन्यांनी सिंधुकडं बघितलं.

दुपारी दोन्ही तटांच्या बायका एका जागी बसल्या. "ह्या सटवीला घालवल्याबिगर सुख न्हाई," नीलाबाई म्हणाली आणि उठून थेट मालकाकडं गेली. "ह्या गाडीतला एकबी बॉक्स परत आला न्हाई, तर ती बाई काढायची. कबूल?"

"कबूल," शिवशंकर म्हणाला.

मग बायका कामाला अशा भिडल्या की विचारू नका.

"सिंधु, हिला डाग हाय बघ," अंजू म्हणाली.

"दे इकडं."

सगळा माल पास झाला. काम टोळीकडंच राहिलं. रत्नम्मानं मुकाट्यानं पिशवी उचलली. ती दारात पोचली तोच नीलाबाईनं टाकीजवळची चिकाच्या पाण्याची बादली उचलून तिच्या अंगावर ओतली. केळीचा चीक कपड्याला लागला की जन्मात निघत नाही. बायकांनी टाळ्या पिटल्या. रत्नम्मा तशीच रस्त्याला लागली.

नीलाबाईला त्या दिवसापासून घास गोड लागेना. रविवारी माहेरी जाते म्हणून ती एसटीत बसली.

माहेरच्या अंगणात दोरीवर साडी वाळत होती. डाग काळेकुट्ट पडले होते. ते बघून तिला रडू कोसळलं.

"रडू नको गं. साडी गेली तर गेली," चुलीपुढून रत्नम्मा म्हणाली. "त्या दोघी बोलायल्यात का आता?"

"एका डब्यात जेवायल्यात, अक्का."