साक्षीदार

बायाबाईच्या गर्भपिशवीच्या तोंडाशी एकाच वेळी दोन वेगवेगळ्या जातींचे कॅन्सर निघाले. भंडाऱ्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असं क्वचितच दिसतं. दोन्ही एचपीव्ही विषाणूमुळे. तो शरीरसंबंधातून येतो."

नवऱ्याने, तुलारामने, अड्याळ गावभर सांगितलं की बायकोची चालच वाईट होती. बायाबाईनेच त्याच्यासाठी दुसरी पोरगी शोधून पाहुणे बोलावले. गावाने तिचं कौतुक केलं.

चहा झाल्यावर ती पोरीच्या बापाला म्हणाली, "भाऊ, या एका मानसाबिगर मी कोनाच्या जवळ गेली नाही. तरी मले दोन-दोन कॅन्सर झाले. आता देता पोरगी?"

पाहुणे उठून गेले. तुलाराम ओरडला, "मंग बलावलं काहून त्यायले?"

"तुमी गावभर सांगतलं. मलेबी आयकाले मानसं पायजे होते."