फळ्यावरचा दिनविशेष

शाळेत दिनविशेष लिहायची पाळी या आठवड्यात पाचवीतल्या रेणुकाची होती. देवरूखच्या वर, डोंगराला लागून असलेल्या वाडीतून ती भर पावसात चालत यायची आणि प्रार्थनेआधी फळा लिहून ठेवायची.

'१७ जुलै. जन्म : अँजेला मर्केल, जर्मनीच्या माजी चॅन्सलर. घटना : १९४७ साली मुंबईजवळ रामदास बोट बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली.'

त्याखाली आणखी एक ओळ होती. 'आमच्या वाडीवरच्या डोंगराची भेग वाढली. आज माझा हात कोपरापर्यंत आत गेला.'

जोगळेबाईंनी डस्टर उचललं. "रेणुका, परवा तू मनगटापर्यंत लिहिलं होतंस, तेव्हाही मीच पुसलं. असलं काही दिनविशेषात लिहीत नाहीत गं."

"पण खरं आहे, बाई. मी रोज सकाळी हात घालून बघते."

"खरं असेल. पण इथे मोठ्या घटना लिहायच्या असतात. रामदास बोटीचं बघ. एवढी माणसं गेली, म्हणून तर इतक्या वर्षांनीही आपण लिहितो."

बाईंनी ती ओळ पुसून टाकली आणि घंटा द्यायला सांगितलं. रेणुका तिथेच उभी राहून बोटांवर काहीतरी मोजत होती. पुन्हा पहिल्या बोटापासून मोजून तिने खात्री करून घेतली.

"बाई, वाडीत आम्ही एक्केचाळीस जणं आहोत. चालतील?"