पुलीचा आवाज

दर रविवारी तिची गाडी माहेरच्या गल्लीच्या तोंडापासूनच केकाटत यायची. ती घरात शिरेपर्यंत भाऊ चहाचा कप घेऊन बाबांच्या उशाशी बसलेला असायचा.

चाळीस वर्षं मेकॅनिक असलेले बाबा मात्र दात खाऊन एकच पालुपद लावायचे. "मेकॅनिकची पोर तू, आणि गाडी अशी बोंबलते? इंजिनाचा पट्टा फिरवणारी क्रँक पुली गेलीय तिची. घरीच बदल. बोल्ट हटला नाही तर पान्याला लांब पाईप लाव, पण बदल!"

"बाबांना अजून गॅरेजच दिसतं," भाऊ लाडाने हसायचा.

शेवटी या शनिवारी तिने चाक उतरवलं, इंजिन फिरू नये म्हणून गाडी गिअरमध्ये टाकून नवऱ्याला ब्रेकवर बसवलं, पाईपवर सगळं अंग टाकून तो हट्टी बोल्ट सोडवला आणि नवी पुली चढवली.

रविवारी गाडी मांजराच्या पावलांनी दारात आली. भाऊ टीव्हीचा आवाज मोठा करून सोफ्यावर लोळत होता, आणि बाबांच्या खोलीचं दार कुणीतरी आतून ठोठावत होतं.

 

तिने बाहेरून लावलेली कडी काढली, तेव्हा तिच्या मागे पांढऱ्याफटक पडलेल्या भावाकडे रोखून बघत बाबा म्हणाले, "पुली बरोबर बसली."