परस्पर

"तुझ्या कारखान्यातल्या मास्तरांशी बोलून आलो मी काल," थोरला म्हणाला. "सोमवारपासून तू मोकळी."

आई नातवाच्या दुपट्यांच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला. शनिवारची दुपार होती, तिन्ही मुलं कितीतरी दिवसांनी एकत्र जमली होती, आणि सकाळपासून तिची समजूत होती की आपली आठवण झाली म्हणून जमली आहेत. तीन पोरं वाढवूनही बाई इतकी भाबडी कशी राहते, कोण जाणे.

बेत तिघांचा होता. मधलीची बाळंतपणाची रजा उद्या संपत होती, आणि पाळणाघरात पोरं सारखी आजारी पडतात, असं तिला ऑफिसात कुणीतरी सांगितलं होतं. थोरल्याचं म्हणणं, आईचं राबून झालं, आता तिने नातवात रमावं. शेंडेफळ कॉलेजात होतं. त्याला कुणी विचारलं नव्हतं, तरी त्याने मान डोलावली होती. जावयाशी बोललीस का, असं आईने विचारलं तेव्हा मधली म्हणाली, त्याला कामातून वेळ कुठे मिळतो.

आई बावीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात काजं करत होती. तीन आठवड्यांपूर्वी मास्तरांनी तिला कटिंगच्या टेबलावर घेतलं होतं. तिथे कापडाचे साठ थर एकावर एक अंथरतात आणि खडूच्या रेघेवरून मशीनचं पातं चालवतात. हात जरा सरकला की साठ शर्ट वाया. त्या टेबलाशी आजवर एकही बाई उभी राहिली नव्हती. हे तिने तिघांना, जो जसा भेटला तसं, सांगितलं होतं. तिघं "अरे वा" म्हणाली होती आणि पुन्हा फोनात डोकी घालून बसली होती.

"मास्तरांना नेमकं काय सांगितलंस?" तिने विचारलं.

थोरला चुळबुळला. मास्तर सहजासहजी सोडणार नाहीत, म्हणून एखादं पटेलसं कारण द्यावं लागलं, असं काहीतरी तो पुटपुटला.

"काय कारण?"

"तुला हल्ली नीट दिसत नाही म्हणालो. सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. त्यांना वाईट वाटलं गं. लगेच तयार झाले."

आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गुडघे म्हणाला असता तरी चाललं असतं. कंबर म्हणाला असता. रेघेवर कापणाऱ्या बाईला तिच्या पोटच्या पोराने जाऊन आंधळी ठरवलं होतं, आणि वर तो कौतुकाची वाट बघत बसला होता. तो दुष्ट असता तर चार शब्द सुनावून मोकळं होता आलं असतं. पण त्याला मनापासून वाटत होतं की आपण आईचं भलं केलं.

ही तिघं रांगत होती तेव्हा तिला वाटायचं, एकदा चालायला लागली की सुटले. चालायला लागली तेव्हा वाटलं, शाळेत गेली की सुटले. मग घरात दारं आपटली जाऊ लागली, एका शब्दाला चार शब्द मिळू लागले, तेव्हा तिने स्वतःची समजूत घातली की मिळवती झाली की कळेल त्यांना. आता दोघं मिळवती झाली होती. त्यांना कळलं होतं ते एवढंच, की आई रिकामी असते.

"लाव मास्तरांना फोन," ती म्हणाली. "सगळ्यांना ऐकू येईल असा लाव."

थोरल्याने आधी हसून बघितलं, मग मधलीकडे बघितलं. कुणीच मदतीला आलं नाही. त्याने फोन लावला आणि खाली मान घालून सांगितलं, की काल मी खोटं बोललो, आईच्या डोळ्यांना काही झालेलं नाही.

मास्तर म्हणाले, आईला काम सुटल्याचं वाईट वाटलं असेल, म्हणून तू आता शब्द फिरवतोयस, मला कळतं ते. आईने फोन हातात घेतला.

"मास्तर, माझं काम तुम्ही बघितलंय."

"बघितलंय, बाई. पण घरचाच माणूस सांगतो म्हटल्यावर मी काय समजू? साठ थरांचा प्रश्न आहे. डोळ्यांच्या डॉक्टरचा दाखला घेऊन या. नाहीतर काजांचं मशीन आहेच तुमचं."

तिने फोन ठेवला. तीन आठवड्यांत तिच्या हातून एक धागाही वाकडा गेला नव्हता, आणि आता ती दाखला आणणार होती. डॉक्टरांचा दवाखाना सहापर्यंत उघडा असायचा. तिने पिशवी घेतली.

तेवढ्यात बाळ उठलं आणि रडायला लागलं. मधली धावली. आईने तिला हातानेच थांबवलं. तिने नातवाला उचललं, त्याचा गाल पुसला, आणि नेऊन थोरल्याच्या हातात दिलं.

थोरल्याने त्याला अंगापासून लांब धरलं, गळकी बादली धरावी तसं. बाळ आणखी जोरात रडायला लागलं.

"आई, अगं, मला नाही येत हे. कसं धरायचं याला?"

आई दारात चपला घालत होती.

"मलाही येत नव्हतं," ती म्हणाली. "तुझ्यावरच शिकले."