चेहऱ्यापुरता उजेड

सोमवारी सकाळी दहा वाजता लिंबाजी सोनकांबळे यांनी मुलीचा फोटो स्टुडिओच्या काउंटरवर ठेवला आणि तो काळा करून मागितला.

उद्धवला हसू आलं. नांदेडात त्याचा स्टुडिओ जुना. "काका, उलटं बोलून राहिले का? लोक गोरं करा म्हणतात."

"गोरं तुम्हीच केलतं. मार्चमधी. बायोडाटासाठी."

उद्धवने फोटो पाहिला. त्याला आठवेना. लग्नसराईत असे पुष्कळ चेहरे येऊन जातात. पासपोर्टचा असो, बायोडाटाचा असो, चौकीतून छपाईला आलेला असो, हात सवयीनेच चाले. चेहरा निवडायचा, उजेड वाढवायचा, डाग पुसायचे.

"समीक्षा घरातून गेली. नऊ दिवस झाले," लिंबाजी म्हणाले. "हाच फोटो वाटून राहिलो. लोक म्हणतात, अशी पोरगी न्हाई दिसली. कशी दिसंल? ती अशी हायच न्हाई."

उद्धवचं हसू गेलं. त्याने खुर्ची पुढे सरकवली.

दुसरा फोटो नव्हता. मोबाइल तिच्यासोबतच गेला होता आणि बंद लागत होता. घरात होते ते शाळेतले. मूळ फोटो उद्धवकडेही नव्हता. तो फक्त तयार केलेले फोटो ठेवत असे.

"तुम्ही सांगा, मी करतो," तो म्हणाला आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

त्याने चेहऱ्यावरून ब्रश फिरवला. निवडलेल्या भागावर लाल छटा चढली. आता जे काही होईल ते तेवढ्याच भागावर. साडी, केस, मागचा निळा पडदा यांना धक्का लागणार नव्हता. त्याने उजेड उतरवला.

"अजून," लिंबाजी म्हणाले.

त्याने आणखी उतरवला.

"कपाळ ऱ्हाऊ द्या. गाल अजून. हनुवटीखाली डाग बी पायजे."

उद्धवने गाल वेगळे निवडले. लिंबाजी स्क्रीनकडे पाहत बोलत राहिले. चाकूरचं स्थळ होतं. पाहुणे आले, चहा झाला, समीक्षा समोर येऊन बसली. मुलाची आत्या म्हणाली, आता फोटोतली बोलवा.

"सगळे हसले. मी बी हसलो. पाव्हणे होते ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात ड्युटीला म्हणून निघाली आणि तिथे पोचली नाही.

"हनुवटीखाली डाग होता म्हणालात. केवढा होता?"

"हाय," लिंबाजी म्हणाले. "तुरीच्या दाण्याएवढा हाय."

उद्धवने डाग काढला. लिंबाजींनी तो दोनदा हलवायला लावला. मग बायकोला व्हिडिओ कॉल केला आणि मोबाइल स्क्रीनसमोर धरला.

"पंचशीला, बघ."

पलीकडे पंचशीलाने मोबाइल डोळ्यांजवळ नेला.

"डोळे तिचेच हायत," मग ती म्हणाली. "नाकाला अजून जरा सावळं करा म्हणावं." उद्धवने केलं. "हां. आली माझी बाई."

लिंबाजींनी फोन खिशात ठेवला आणि उपरण्याने तोंड पुसलं.

"मुदखेडकडं विचारलं का?" उद्धवने विचारलं.

"दवाखाने झाले, चौक्या झाल्या. त्यांच्याकडचे बेवारस मयतांचे फोटो बी दाखवले. एकेक बघितला. त्यात न्हाई ती. तेवढं एक बरं."

"ओळखीचे हवालदार आहेत माझ्या. त्यांना हा नवा पाठवतो. आता कुणीबी ओळखंल."

त्याने फोटो पाठवला आणि प्रिंटर सुरू केला. समोरच्या हॉटेलातून चहा मागवला. लिंबाजींनी तो घेतला. एक गठ्ठा बसस्टँडवर, एक गुरुद्वाऱ्याच्या रस्त्याला, एक लातूरच्या गाडीत, असं ते स्वतःशीच ठरवू लागले. फोटो ओले असल्यासारखे ते एकेक उचलून बाजूला ठेवत होते.

उद्धवचा फोन वाजला. हवालदार भीमाशंकर. एवढ्या लवकर फोन आला म्हणून त्याने लिंबाजींना हातानेच थांबा म्हटलं आणि तो बाहेर पायरीवर आला.

"उद्धवभाऊ, ही तर रुळाजवळ सापडली ती. हनुवटीचा डाग मी स्वतः बघितलाय. कुणी आलं न्हाई म्हणून गुरुवारी माती दिली."

"कसं शक्य आहे? तिचे वडील तुमच्याकडं येऊन गेले."

"आलते की, शनिवारी. तवा मयताचा फोटोच उरलता, तुम्ही छापताना उजळून दिलेला. त्योच दाखवला. म्हातारा हात जोडून म्हणला, साहेब, माझी पोरगी एवढी गोरी न्हाई."