दुर्मिळ घराणं

अभिमनने थोरल्या भावाच्या दंडाला रबरी नळी आवळली आणि शीर शोधू लागला. दंड मुठीत मावत होता. हिलालचं वय अवघं एकेचाळीस. पण खाटेवरून उठून दारापर्यंत जायचं तर मध्ये एकदा बसावं लागे.

"हाई रगत दीसन मना दम जाई का रे?" हिलालने विचारलं.

"नही, भाऊ."

"मंग कोन्हा जाई?"

"पुढला लोकेसना. कदाचित."

सुई पहिल्यांदा चुकली. दुसऱ्यांदा रक्त आलं, दाट, काळपट. अभिमनने बाटलीवर नावाऐवजी आकडा लिहिला आणि ती थर्मासमध्ये ठेवली. त्यातला बर्फ त्याने सकाळी दोंडाईचा स्टेशनाबाहेरच्या सोडावाल्याकडून घेतला होता.

"आते सही कर," तो म्हणाला.

हिलाल सातवी शिकलेला. न वाचता सही करणारा नव्हता. छापील कागद डोळ्यांजवळ धरून तो एकेका शब्दावर बोट ठेवत खाली आला. 'फुफ्फुसाच्या आनुवंशिक आजाराचे संशोधन.' तळाशी संशोधन सहायक म्हणून धाकट्याचं नाव होतं. तिथे बोट जरा रेंगाळलं. ही नोकरी लागली तेव्हा त्याने स्वतः घरोघर फिरून पेढे वाटले होते. दर दोन घरांनंतर ओट्यावर बसून दम खाल्ला होता.

"मुलाखतले तीस-चाळीस पोरे व्हतात म्हणे. तुलेच कशी लागनी?"

अभिमन भावाच्या हातावर कापूस दाबून धरत होता. खोटं बोलावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं.

"त्यासनी इचारं, हाच विषय काब्र? मी सांगं, आम्हना घरमा आजा गया, आबा गया, मोतीलाल काका गया. कोन्ही बिडीबी वढे नही, तरी बठ्ठा जन दम लागीसन गयात. आनी…"

"आनी मी," हिलालने वाक्य पुरं केलं.

'अशी घराणी सहजासहजी मिळत नाहीत,' असं मुलाखत घेणारे डॉक्टर शेजारच्याला म्हणाले होते. आनंदाने म्हणाले होते. ते मात्र अभिमनने सांगितलं नाही.

हिलालची बायको बेबाबाई दाराशी भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिचा हात थांबला.

"आनी तुम्हनं रगत? ते तपासं का?"

"तपासं, वहिनी."

"मंग?"

"काही निंघनं नही."

शेंगा पदरात तशाच राहिल्या.

हिलाल कागदाकडेच बघत होता. "म्हंजे मना दमवर तुले नोकरी लागनी."

अभिमनची मान वर होईना. हिलाल हसला. हसू निम्म्यावरच थांबलं, श्वास पुरला नाही.

"बरं व्हयनं. त्या बठ्ठासना दम वाया गया. मना तरी कोन्हा कामले ऊना."

त्याने शाळेत गिरवल्यासारखी पूर्ण नावाची सही केली, शिरोरेषेसकट. पेन परत देताना विचारलं, "कितला दिननी शे ही नोकरी?"

"तीन वरीस. पन दर सहा महिनाले तुनं रगत लागी."

"आनी नही भेटनं ते?"

अभिमन थर्मासचं झाकण फिरवत राहिला. ते केव्हाच घट्ट बसलं होतं.

हिलालने बोटांवर मोजलं. एकदा चुकला, पुन्हा अंगठ्यापासून सुरुवात केली.

"आजनी धरीसन सहा खेपा. म्हंजे आखो पाच," तो म्हणाला. मध्ये थांबून त्याने श्वास गोळा केला. "तू फिकीर नको करू. तगसू मी."